गुरुवारचे शेरीफ

किस्से जमवावे लागत नाहीत. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टोमॅटो सॉसच्या पुड्या जमतात, तसे ते आपोआप जमतात. मग एक दिवस ड्रॉवर बंद होईनासा होतो आणि त्या कुणाला तरी देऊन टाकाव्या लागतात. तुम्ही समोर बसला आहात, तर तुम्हीच घ्या.

आमचं ऑफिस खराडीत आहे. चौथ्या मजल्यावर एक ट्रेनिंग रूम आहे, आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तिथे आमचा क्लब भरतो. आम्ही जुने काऊबॉय पिक्चर बघतो. घोडे, टोप्या, धूळ, पिस्तुलं आणि गावाचं रक्षण करणारा एकटा शेरीफ. बघून झालं की त्यावर भांडतो. क्लब सुरू केला मोहिते काकांनी. काका आमच्या टीममधले टेस्टर. म्हणजे आम्ही घाईघाईत लिहिलेलं सॉफ्टवेअर शांतपणे वापरून बघायचं आणि कुठे मोडतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. वय चोपन्न. आमच्या मजल्यावर तिशी ओलांडली की लोक वाकून बोलतात, त्यामुळे ते सगळ्या बिल्डिंगचे काका! नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली की पहिलं नाव त्यांचं निघतं, कारण ते हळू काम करतात. आणि हळू करतात कारण नीट करतात, हे लक्षात यायला आमच्याकडे कुणाला वेळ नसतो.

मी आदित्य. मला या क्लबमध्ये एकच गोष्ट हवी होती. काकांनी कधीतरी सगळ्यांसमोर म्हणावं, "वेळ आली तर हा पोरगा उभा राहील." बस्स.

आधीच सांगून ठेवतो. यातल्या प्रत्येक किश्शाचं शेवटचं वाक्य माझं असायला हवं होतं. ते सायलीचं आहे.

*

आमच्या टीममध्ये नवीन आलेली सायली क्लबला पहिल्यांदा आली ती पिक्चर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर. मांडीवर शेंगदाण्याची पुडी. अर्ध्या तासाने तिचा डोळा लागला. मी मुद्दाम मागे वळून दोनदा बघितलं. नक्की लागला होता!

पिक्चर संपल्यावर मी उभा राहिलो. मला सांगायचं होतं, की हा नुसता गोळीबार नाही. ज्या काळात हे पिक्चर निघाले, त्या काळात तिकडे अमेरिकेत सिनेमातल्या लोकांना चौकशीला बोलवून विचारत होते, "तुमच्यातले कोण कोण कम्युनिस्ट विचारांचे आहेत? नावं सांगा." ज्यांनी सांगितली त्यांचं काम चालू राहिलं. नाही सांगितली त्यांचं सुटलं. उघड लिहायची सोय नव्हती, म्हणून लिहिणाऱ्यांनी सगळी गोष्ट घोड्यावर बसवली. शेरीफ मदत मागायला आला की गावात बंद होणाऱ्या खिडक्या म्हणजे त्यांचेच गप्प बसलेले मित्र! मी चौदा मिनिटं बोललो. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

काकांनी मान डोलावली आणि मागे बघून विचारलं, "नवीन मॅडम, तुम्हाला काय वाटलं?"

सायलीने डोळे चोळले. "अख्ख्या पिक्चरमध्ये घोड्याला कुणी पाणी पाजलं नाही."

काका असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "नुसतं न्याय न्याय! ज्याच्या पाठीवर बसून न्याय करायला निघालात, त्याच्याकडे बघा की जरा!" पुढे महिनाभर ते कँटीनमध्ये हे सांगत होते. माझी चौदा मिनिटं कुणालाच आठवत नव्हती.

आणि ती झोपली होती हो!

*

या पिक्चरमध्ये एक प्रसंग हमखास येतो. गुंड येणार असतात आणि शेरीफ दारोदार जाऊन विचारतो, माझ्याबरोबर कोण येतंय? काकांची पद्धत अशी, की बरोबर तिथे पिक्चर थांबवायचा, दिवे लावायचे आणि विचारायचं, "बोला. आपल्यातलं कोण येतंय?"

मग हात वर करायचे. काका मोजायचे. पडद्यावर गावातला एकही माणूस येत नसायचा आणि आमच्या खोलीतून अकरातले दहा निघायचे. खराडीची कुमक पोचली असती, तर हे पिक्चर पाऊण तासात संपले असते!

माझा हात नेहमी पहिला. एकदा तर शेरीफने तोंड उघडायच्या आधीच वर गेला होता. काका म्हणाले, "अरे, अजून त्याने विचारलं नाही."

सायली हात वर करत नसे. तीन गुरुवार मी पाहत होतो. चौथ्या गुरुवारी न राहवून म्हणालो, "सायली, तुझं काय? तू खिडकी बंद करणार का?"

"समोर किती जण आहेत?"

"त्याने काय फरक पडतो? तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"पडतो. चार असतील तर मी येते. चाळीस असतील तर भीती वाटेल मला. आत्ता एसीत बसून काय सांगू?"

काकांनी दिवे घालवले आणि अंधारात म्हणाले, "आज पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं."

म्हणजे आम्ही दहा जण इतके दिवस काय करत होतो?

*

पराग आमच्या टीममधला एकटाच खरा खराडीकर. म्हणजे इथल्या गावचा. आमचं ऑफिस उभं आहे तिथे त्याच्या घरची ज्वारी होती. तो मूडमध्ये असला की फरशीवर बूट आपटून म्हणतो, "हितं बांध होता आमचा. तू बसलाय ती मोटंची जागा हाय."

एका गुरुवारी जमीन बळकावणाऱ्या बड्या मालकाचा पिक्चर होता. त्याला सगळं खोरं हवं असतं, गरीब शेतकऱ्यांना तो धमकावत असतो. मी तयारी करून आलो होतो. भांडवल, सत्ता, विस्थापन. बावीस स्लाइड!

पिक्चर चालू असतानाच पराग ओरडला, "भांडताय कशाला? सातबारा कुणाच्या नावावर हाय, ते दाखवा आधी!"

खोली हसून हसून आडवी झाली. मी पण हसलो, कारण माझ्याकडे अजून बावीस स्लाइड होत्या.

तेवढ्यात सायलीने विचारलं, "परागदादा, तुमच्याकडे सह्या झाल्या तेव्हा घरात कुणी नको म्हणालं होतं?"

पराग हसायचा थांबला. "आजी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. चुलीपुढनंच म्हणली, माझा अंगठा मागायला येऊ नका. दोन दिवस जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी आण्णांनी, माझ्या वडलांनी, तिचा हात धरून उमटवला."

पिक्चरमधला बडा मालक पडद्यावर तोंड उघडून थांबला होता, कारण काकांनी बटण दाबलं होतं.

"आज इथेच थांबू," काका म्हणाले. "उरलेला पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी प्रोजेक्टर बिघडला. बावीस स्लाइड अजून माझ्याकडे आहेत. कुणाला हव्या असतील तर सांगा.

*

आमच्या बिल्डिंगमध्ये सफाईच्या मावश्यांनी पुढच्या लिफ्टने जायचं नाही, असा नियम होता. बादली घेऊन मागच्या जिन्याने चार मजले. हे मला असह्य झालं. मी रात्रंदिवस पेटलेला माणूस! मी सगळ्या कंपनीला पाठवायला एक ईमेल लिहायला घेतला. दोन परिच्छेद झाले, मग चार. समतेवर एक भाग आला. विषयाची ओळच तीन दिवस घासत होतो. शेवटी जमली: "लिफ्ट वर जाते, आपण कधी जाणार?" अजूनही मला ती ओळ फार आवडते.

तिसरा आठवडा चालू होता. एका सकाळी लिफ्टमध्ये मी, सायली आणि आणखी चार जण. दार बंद होताना सायलीने हात घालून ते अडवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या मावशींना म्हणाली, "या ना मावशी. कितवा?"

मावशी बिचकत आत आल्या. सिक्युरिटीवाला धावला. "मॅडम, अलाउड नाही. नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही मॅडम. पण आहे."

"बरं. तुम्ही लिहून, सही घेऊन आणा. तोवर आम्ही वर जातो."

दार बंद झालं. मावशींनी हळूच विचारलं, "ओरडतील का मला?"

"तुम्हाला नाही. मला ओरडतील. मला सवय आहे, मी रोज उशिरा येते."

दुसऱ्या दिवसापासून मावश्या पुढच्या लिफ्टने जाऊ लागल्या. त्या नियमावर सही करायला आजपर्यंत कुणी पुढे आलेलं नाही. माझा ईमेल ड्राफ्टमध्ये आहे. शुद्धलेखन तपासून झालं आहे.

*

काकांचं घर सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. एकदा त्यांनी क्लबला जेवायला बोलवलं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. मनात म्हटलं, आज काकांशी निवांत बोलता येईल.

दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "बूट बाहेर. आत शेरीफसुद्धा अनवाणीच असतो."

मी बूट काढले. काकू म्हणाल्या, "भाषणं करतो तो तूच का?"

"हो काकू!" मला फार बरं वाटलं. म्हणजे घरी माझा विषय निघतो!

"हं. आणि ती सायली कधी येणार आहे?"

जेवताना काकू पोळी वाढता वाढता मला म्हणाल्या, "यांचं तुमच्या ऑफिसात कुणी ऐकतं का रे? घरी येऊन सांगतात, मी लिहून दिलं होतं, कुणी वाचलंच नाही. अजून चार वर्षं काढायची आहेत. या वयात दुसरीकडे कोण घेणार?"

"अगं, मुलांना काय सांगतेस," काका म्हणाले.

"काकू, आम्ही आहोत ना!" मी म्हणालो. मनापासून म्हणालो. हातात पोळी होती, तरी हात वर गेला.

काकूंनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "आमटी घे. गार होते आहे."

सायली तेव्हा स्वयंपाकघरात काकांच्या मुलीला पापड भाजून देत होती. काकू नंतर तिला सोडायला जिना उतरून खाली गेल्या. मला वरूनच "अच्छा."

*

आता शेवटचा. हा सांगावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

मार्चमधला गुरुवार. त्या दिवशी पिक्चरची ओळख करून देण्याची पाळी माझी होती. विषय माझा लाडका: दबावाखाली मित्राचं नाव सांगणारे आणि न सांगणारे. दोन आठवडे तयारी केली होती. सहाला दहा कमी असताना स्क्रीनवर एक विनंती आली. आमच्याकडे सॉफ्टवेअरमधला कुठलाही बदल ग्राहकाकडे जाण्याआधी त्याला आमच्या टीममधल्या दोघांची मंजुरी लागते. सोबत टेस्टरची नोंद जोडलेली असते. ती वाचायची आणि मग मंजूर म्हणायचं. मी मंजूर म्हटलं आणि पळालो. पहिली मंजुरी माझी. दुसरी कुणी दिली, ते बघायला मी थांबलो नाही.

त्या संध्याकाळी मी काय बोललो! "नाव सांगणं सोपं असतं, मित्रांनो! गप्प बसणं त्याहून सोपं असतं!" सायली वेळेच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसली होती आणि चक्क जागी होती. नंतर काकांनी माझा हात हातात घेतला. "आज मनापासून बोललास." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ. पंधरा तास टिकली.

शुक्रवारी सकाळी कळलं, की आमच्या परदेशातल्या फर्निचर विकणाऱ्या ग्राहकाकडे बऱ्याच ऑर्डर दोनदा जाताहेत. एक सोफा मागवला की दोन सोफे! रविवारपर्यंत एका म्हाताऱ्या बाईंच्या दारात सहाऐवजी बारा खुर्च्या उतरल्या होत्या.

सोमवारी आमचे मॅनेजर राजीव सर यांनी टीमला ट्रेनिंग रूममध्ये बोलवलं. क्लबची निम्मी मंडळी तिथेच होती. सर उभेच राहिले.

"ग्राहकाला आज संध्याकाळपर्यंत एक नाव हवं आहे. कुणामुळे झालं. टेस्टिंगमधून हे सुटायलाच नको होतं." मग काकांकडे न बघता म्हणाले, "मोहिते, आपण हे सन्मानाने करू. तुम्ही राजीनामा दिलात तर सगळ्यांनाच सोपं जाईल."

काका हळू आवाजात म्हणाले, "मी नोंद लिहिली होती."

"मोहिते, आता नोंद वगैरे नको. आता वेळ नाही."

काकांनी मान खाली घातली.

नोंद मी उघडली नव्हती. हे मला एकट्याला माहीत होतं. आता उभं राहायचं, आदित्य. आत्ता! पण पहिलं वाक्य कुठलं? नुसतं "माझी चूक" फार कोरडं वाटत होतं. "सर, गप्प बसणं सोपं असतं" हे चांगलं होतं, पण ते गुरुवारी वापरून झालं होतं. मी वाक्य शोधत होतो. खरं सांगायचं तर वाक्य नव्हतं शोधत. खुर्ची सोडवत नव्हती.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"सर, काकांची चूक नाही. माझी आहे."

सायली!

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली. ती नंतर वाटली. आधी वाटला तो निव्वळ जळफळाट. हिने घोडा घेतला, लिफ्ट घेतली, काकूंचा जिना घेतला. आता माझी चूकसुद्धा हीच घेणार? ती एक तरी माझी होती!

मी ताडकन उठलो. "नाही सर! चूक माझी आहे!"

राजीव सरांनी चष्मा काढला. "आदित्य, बस खाली. हे तुमचं गुरुवारचं नाही."

"सर, खरंच माझी आहे!"

परागने माझा शर्ट ओढला. "बस की लेका. दर टायमाला काय पुढंपुढं करतो? तिला तरी बोलू दे."

आणि काका! काका इतक्या मायेने म्हणाले, "असू दे रे बाळ. तुझ्या भावना पोचल्या."

पोचल्या! आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगत होतो आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. आता स्वतःचा गुन्हा मलाच सिद्ध करावा लागणार होता. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. दोनदा वायर निसटली. मग भिंतीवर ते पान उघडलं, ज्यात कुणी, किती वाजता, काय केलं याची सिस्टिमने ठेवलेली नोंद असते.

सगळ्यात वर काकांचं. राजीव सरांनी स्वतः मोठ्याने वाचलं. "काही वेळा एक ऑर्डर दोनदा जाते आहे. कारण सापडलेलं नाही. कृपया सोमवारपर्यंत थांबावे. मोहिते."

सर थांबले. मनातल्या मनात त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

खाली माझं नाव. टेस्टरची नोंद उघडली: नाही. विनंती उघडल्यापासून मंजुरीपर्यंत लागलेला वेळ: नऊ सेकंद.

परागने माझा शर्ट सोडला.

"काका," राजीव सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मी हे आधी बघायला हवं होतं. तुमचं नाव कुठेही जाणार नाही. राजीनाम्याचं मी बोललोच नाही असं समजा."

काकांनी नुसती मान हलवली. खिशातून रुमाल काढला, पण पुसलं काहीच नाही. हातात धरून बसले.

मी उभाच होतो. मान ताठ होती. सगळे माझ्याकडे बघत होते. काकासुद्धा. म्हटलं, आता म्हणतील.

"जरा खाली घे," सर म्हणाले.

मी पान खाली सरकवलं. दुसरी मंजुरी. तिथे सायलीचं नाव होतं. टेस्टरची नोंद उघडली: नाही.

"मी मघापासून तेच सांगतेय," सायली म्हणाली. तिचा चेहरा पडलेला होता. "मी कुणाचं काही अंगावर घेत नव्हते, सर. त्या दिवशी याचं भाषण होतं. पुढची जागा मिळावी म्हणून पळाले."

"तुम्ही दोघं थांबा," राजीव सर म्हणाले. "बाकीच्यांनी जा."

खुर्च्या सरकल्या. काका आमच्या जवळून जाताना क्षणभर थांबले आणि त्यांनी हात ठेवला, तो सायलीच्या खांद्यावर. मी परत भिंतीकडे बघितलं. तिच्या नावापुढेही लागलेला वेळ लिहिला होता.

सहा सेकंद.

मला नऊ लागले होते!